घडीतला नऊ

लॉजवाल्याने नकाशा दिला, झेरॉक्सची झेरॉक्स.
"वाटाड्या लागत नाही," म्हणाला, "आकडे धरून चालायचं.
एक ते चौदा. दीड तास. चपला बऱ्या घाला."
सासऱ्यांच्या जन्माचा दाखला, पोर्तुगीज अक्षरातला,
कारकून अडीचनंतर शोधून ठेवणार होता.
म्हणजे दीड तास होताच.

एक म्हणजे झरा, टेकडीच्या पायथ्याशी.
पाणी आता कोणी भरत नाही,
पायऱ्या मात्र मधोमध झिजलेल्या,
जिथे एक पाय आणि भरलेली घागर टेकायची.
तीन सापडलंच नाही. चार दोनदा लागलं.
कपेलापुढे लिहिलं होतं :
आतल्या क्रुसावरच्याचे डोळे उघडे आहेत.
दाराला कुलूप.
तो जागा आत, मी बाहेर,
आणि सगळी गल्ली जेवून आडवी झालेली.
शिंपल्यांच्या खिडकीमागे कोणीतरी
रेडिओ बारीक केला, बंद नाही केला.

आठनंतर एकदम दहा.
मधला नऊ घडीत गेला होता.
किती खिशांत दुमडून दुमडून
मूळ कागदावर पडलेली पांढरी रेघ,
झेरॉक्समध्ये पांढरीच उतरलेली.

शिंप्याने इस्त्री उभी केली.
"नऊ म्हणजे बेकरी. ती बंद झाली."
कुत्र्याला फिरवणारी मुलगी म्हणाली, विहीर,
जाळी घातलेली, आत कासव आहे.
तावेर्नच्या पायरीवरचा माणूस बराच वेळ हसला.
"नऊ ती रूया. तिचं नाव तीनदा बदललं.
तुला कुठलं पाहिजे?"

मी विहिरीकडे निघाले होते
तेवढ्यात वरून आवाज आला,
"मात्शी निसण धर गो."

शिडीवर कुस्तोद, बनियन आणि अर्धी चड्डी,
काठीला बांधलेला ब्रश, वय पंचाहत्तर तरी.
खाली बाल्कांवात त्याची बहीण एर्मेलिंदा,
जी शिडी सोडून कांदा चिरायला बसली होती.
पाऊस सरला की घर रंगवायचं.
धरली मी.
कापा फणसाच्या गऱ्यासारखा पिवळा
चुन्यात कालवलेला, थेंब थेंब माझ्या बाहीवर.
दोघं रंगावरून भांडत होती :
औंदा चड पिवळें जालें.
ना गो, गेल्या वर्साचोच डबो.
मग सूर्य चड जाला.

निळी टोपी घातलेला एक घोळका आला,
घराचे फोटो काढू लागला.
मी तोंड शिडीमागे नेलं.
कुठल्या तरी फोनमध्ये आता
फोंताइन्हासची एक बाई आहे,
दोन हात आणि दोन चपला,
दोडामार्गच्या बाजारातल्या.

"नऊ कुठे आहे?" मी एर्मेलिंदाला विचारलं.
तिने नकाशा घेतला, उलटा धरला,
चष्मा कपाळावरून खाली आणला.
एकाहत्तर वर्षं ह्या दारात काढलेली,
पण कागदावर तिला तिचं दार लागेना.
"आमी ना हातूंत," ती कुस्तोदला ओरडली.
"बरें," वरून उत्तर आलं.
मग तिने नकाशा जमिनीवर ठेवला
आणि त्याच्यावर रंगाचा डबा,
फरशी खराब होऊ नये म्हणून.

वीस मिनिटं. कदाचित जास्त.
निघताना मला कोकमाचं सरबत मिळालं,
डब्याखालून कागद मिळाला :
सहापासून अकरापर्यंत पिवळं कडं,
कपेल बाहेर, तावेर्न आत,
ओली रेघ, घडीवरूनही गेलेली.
दहा ते चौदा मी पाहिले नाहीत.
चौदा फार सुंदर आहे म्हणतात.

खिडकीवर पोचले तेव्हा तीन वाजत आले होते.
कारकुनाने वही मिटली.
"सांपडूंक ना. सोमारा येयात."
मग माझ्या बाहीकडे पाहिलं,
दिवसभरात पहिल्यांदाच नीट.
"चुन्याचो रंग न्हय? विनागर लायात.
वता."

सोमवारी गेले.
विनागर लावलं नव्हतं.